मदत हवी आहे: शाळा सुटताना रस्ता गाड्यांना बंद कसा करून घ्यायचा?

नमस्कार मंडळी. परवा शाळा सुटल्यावर माझी सात वर्षांची मुलगी दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर आली. उंची जेमतेम बॉनेटएवढी, येणाऱ्याला ती दिसणार कशी? करकचून ब्रेक लागला म्हणून वाचली. अजून माझे हात थरथरतात.

शाळा भरताना-सुटताना अर्धा तास तो रस्ता गाड्यांना बंद ठेवावा, असं मनात आहे. इटलीतल्या बोल्झानोत हे १९८०च्या दशकापासून चालतं. पॅरिसमध्ये तर काही रस्ते कायमचेच बंद करून तिथे झाडं लावली.

पण गर्दी करणारे बहुतेक पालकच आहेत. गाडी लांब लावून चालत यायला त्यांना कसं राजी करायचं? रोज अडथळे लावायला, रुग्णवाहिकेला वाट करून द्यायला कोण उभं राहतं? कुणी हे केलं असेल तर पहिला अर्ज कुणाकडे दिलात, तेही सांगा.