कुत्रीला 'पाळी' येते की ती 'माजावर' येते?

अर्धविराम: कुत्री पाळणाऱ्यांसाठीच्या पत्रकाचा अनुवाद करतोय. 'हीट'ला 'मासिक पाळी' लिहिलं, पशुवैद्यांनी काट मारली. 'माज' लिहिलं, तर संस्थेतल्या बाई म्हणतात, "आमच्या राणीला कसला माज?" सुचवा.

शब्दखोर: मदचक्र. माजणे हे संस्कृत माद्यतिवरूनच आलंय, म्हणजे घराणं एकच.

गोठेकर: मदचक्र म्हणे! गाय माजावर येते, फळवायची, गाभण नाही राहिली तर २१ दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. मद हत्तीला ठेवा.

शब्दखोर: हत्तीचा मद नराचा असतो, गंडस्थळातून पाझरतो तो. हत्तिणीचं चक्र वेगळं, १५-१६ आठवड्यांचं.

रेवा: काट बरोबर आहे. बाईला गर्भ राहिला नाही की अस्तर गळून रक्त जातं. कुत्रीचं रक्त माजाच्या आधी येतं, साधारण ९ दिवस. ते फिकं पडलं की मग ती शेपूट बाजूला घेऊन नराला जवळ येऊ देते. लोक 'पाळी संपली' म्हणून फाटक उघडतात आणि दोन महिन्यांनी पिल्लं वाटत फिरतात. शिवाय बहुतेक कुत्र्यांत हे वर्षातून दोनदाच, मग 'मासिक' कुठलं?

तिरपागडा: तण माजतं, रान माजतं. अंगात जोर चढला, एवढाच अर्थ. बाईंना सांगा, राणीचा अपमान नाही.

पावशेर: आमची मांजर रात्र रात्र घसा फाडते. तिला काय म्हणायचं?

रेवा: माजच. मांजरीचं बीज सहसा समागमानंतर सुटतं, सशाचंही. नर मिळाला नाही तर हंगामभर दर दोन-तीन आठवड्यांनी हाच तमाशा.

गोठेकर: म्हशीचं उलट. उन्हाळ्यात मुका माज. रेकत नाही, सोटही, म्हणजे मागून येणारा चिकट स्राव, धड दिसत नाही, पहाटे गोठ्यात जाऊन बघावं लागतं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची.

तिरपागडा: भरवायची? आमच्याकडे 'दाखवायची' म्हणतात.

शब्दखोर: फळवणे हाच जुना आणि शुद्ध.

गोठेकर: शुद्ध-अशुद्ध म्हशीला विचारा.

अर्धविराम: 'माजावर येण्याचा काळ' लिहून टाकू का? छापखाना सहाला बंद होतो.

शब्दखोर: मदकाळ लिहा.

गोठेकर: आणि खाली 'प्रसूती' नाही ना लिहिलंस? कुत्री व्याली असं लिही.