डेम्पस्टर हायवे: टुकपर्यंत जायचं की टूमस्टोनलाच तंबू ठोकायचा?

ध्रुवतारा

कॅनडातल्या मराठी मंडळींच्या उन्हाळी बेतांत हल्ली वायव्य टोकाच्या युकॉन प्रांतातला डेम्पस्टर हायवे वरचेवर दिसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये इनुविक गाव ते किनाऱ्यावरचं टुक्टोयाक्टुक (थोडक्यात टुक) हा १३८ किमीचा रस्ता खुला झाला आणि गाडी थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत जायला लागली. तेव्हापासून युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सहून निघून ‘आठ दिवसांत व्हाइटहॉर्स-टुक-व्हाइटहॉर्स’ असे बेत सर्रास आखले जातात. माझं मत स्पष्ट आहे: हाताशी आठ-नऊ दिवस असतील, तर टुकचा हट्ट सोडा.

हिशेब साधा आहे. डॉसन गावाच्या अलीकडे सुमारे ४० किमीवर डेम्पस्टरचा फाटा लागतो. तिथून इनुविक ७३६ किमी, पुढे टुक १३८. जाऊन-येऊन साडेसतराशे किमी, आणि त्यातली जवळजवळ सगळी खडी. सरासरी ताशी ६० धरली तरी निव्वळ स्टिअरिंगवर २९ तास जातात. वाटेत पील आणि मॅकेंझी या दोन नद्या फेरीबोटीने ओलांडायच्या असतात. बोट फुकट आहे, पण रात्री बंद असते. पीलला पूर येऊन ओंडके वाहायला लागले की दिवसाही थांबते. पावसात रस्ता खचला तर दोन्हीकडून वाहतूक बंद, आणि पर्यायी रस्ता नाहीच. आठ दिवसांत अशा एका दिवसालाही जागा उरत नाही. मग माणसं ती वेळ वेग वाढवून भरून काढतात, आणि या रस्त्यावरचे बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

त्यापेक्षा ७१व्या किमीवरच्या टूमस्टोन कॅम्पग्राउंडला चार रात्री राहा. लाकूडफाटा तिथे मिळतो, पाणी उकळून प्यायचं. एक दिवस टू मूस लेक आणि ओगिल्व्ही डोंगरांपर्यंत गाडीने, बाकी पायी.

रानवाटा

धागाकर्त्यांशी असहमत. टूमस्टोन सुंदर आहे याबद्दल वाद नाही, पण तिथून परतणं म्हणजे रायगडाच्या पायथ्याला पाचाडात जेवून घरी येणं. डेम्पस्टरची खरी गंमत सलगतेत आहे. स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल विरळ होत जातं, १९४व्या किमीला एंजिनियर क्रीक या ओढ्याचं लोहामुळे तांबडं झालेलं पात्र दिसतं, ४०५ला आर्क्टिक वृत्त, ४६५ला रिचर्डसन डोंगरांत नॉर्थवेस्ट टेरिटरीजची हद्द, मग मॅकेंझीचा सपाट त्रिभुज प्रदेश आणि शेवटी टुकजवळचे पिंगो, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. यातला एकही टप्पा टूमस्टोनवरून दिसत नाही.

दिवस कमी पडतात हे मान्य. मग दिवस वाढवा, बेत कशाला कापता? फाट्यापासून फाट्यापर्यंत नऊ दिवस ठेवा आणि त्यातला एक रिकामा सोडा. मुक्काम टूमस्टोन, एंजिनियर क्रीक, रॉक रिव्हर (४४६वा किमी), मग इनुविकजवळचं जॅक पार्क. रॉक रिव्हर झाडीत असल्यामुळे वाऱ्यापासून आडोसा मिळतो. जुलैत डासही तिथेच सगळ्यात जास्त असतात, त्यामुळे डोक्यावरची जाळी हवीच.

खडीवाला

दोघंही दिवसांवर भांडताय, निकाल टायरवर लागतो. या रस्त्याच्या खडीत पाटीच्या दगडासारख्या धारदार कपच्या असतात. तळव्यात कपची घुसली तर प्लग मारून काम भागतं. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरली तर प्लगचा काही उपयोग नाही, चाकच बदलावं लागतं. म्हणून गाडीत पूर्ण मापाच्या दोन स्टेपनी लागतात, डिकीतली ती बारीक ‘डोनट’ नव्हे. टायर एलटी (हलक्या ट्रकच्या) प्रकारचे, दहा प्लायचे म्हणजे जाड थरांचे. सोबत प्लग किट, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, जॅकखाली ठेवायला फळी (ओल्या खडीत जॅक रुततो) आणि लांब दांड्याचा पाना. नट आधी घरीच एकदा सोडवून बघा. गॅरेजवाल्याने मशीनने आवळलेले असतात, ते तोकड्या पान्याने हलत नाहीत.

वेग ७०च्या आसपास ठेवा. समोरून ट्रक आला की ४०वर या आणि उजवीकडे सरका, पण फार कडेला नको. हा रस्ता गोठलेली जमीन वितळू नये म्हणून १.२ ते २.४ मीटर उंच भरावावर बांधलाय आणि भरावाची कड भुसभुशीत असते. एक चाक खाली गेलं की गाडी उताराला लागते. फोटोसाठीही ठरवून दिलेल्या मोकळ्या जागेतच थांबा.

धूळ बसवायला रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. पाऊस पडला की त्याचा निसरडा चिखल होतो, मग वाळून सिमेंटसारखा घट्ट बसतो. तो रिमच्या आत जमला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोकांना बेअरिंग गेल्यासारखं वाटतं. आधी रिम खरवडा. रेडिएटरची जाळी आणि दिवेही रोज संध्याकाळी पुसायचे.

ध्रुवतारा

खडीवाला, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. दोन जास्तीच्या चाकांसकट अशी गाडी किती कुटुंबांकडे असते? पुण्या-मुंबईहून आलेले आईवडील सोबत असतील तर गाडी भाड्याची असते, आणि बऱ्याच करारांत खडीचा रस्ता वर्ज्य असतो. डेम्पस्टरचं नाव घेऊन लेखी परवानगी नसेल तर काच, टायर, टोइंग सगळं स्वतःच्या खिशातून. ईगल प्लेन्स (३६९वा किमी) सोडलं तर मधे दुरुस्तीची सोय नाही, आणि हद्दीपलीकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावापर्यंत मोबाइलला रेंज नाही. सॅटेलाइट मेसेंजर असला तरी मदत पोचायला कित्येक तास लागतात. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तिथे नेणं मला पटत नाही.

रानवाटा

ज्येष्ठ सोबत असतील तर तुमचं बरोबर, तिथे वाद घालत नाही. पण तो नियम सगळ्यांना का लावायचा? व्हाइटहॉर्समध्ये डेम्पस्टरला परवानगी असलेल्या, योग्य टायरच्या गाड्या भाड्याने मिळतात. महाग पडतात, तेवढंच. डॉसनला टाकी काठोकाठ भरली की ईगल प्लेन्स ४०९ किमी. टपावर सामान आणि समोरून वारा असेल तर इंधन जास्त जातं, म्हणून २० लिटरचा एक कॅन ठेवायचा. पुढे फोर्ट मॅकफर्सन आणि इनुविकला भरता येतं.

चूलबंद

स्वयंपाकाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा फवारा) आणि गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, दोन्ही व्हाइटहॉर्सला घ्या. ऑगस्टअखेर टूमस्टोनला रात्री पारा शून्याखाली जातो. साध्या ब्यूटेनचा गॅसच त्या थंडीत होत नाही, त्यामुळे शेगडी पेटत नाही. प्रोपेन किंवा नॅफ्थाची (द्रव इंधनाची) शेगडी न्या.

फोडणी तंबूपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून करा. मसाल्यांचा डबा, तेलाची बाटली, टूथपेस्ट, सगळं काचा बंद केलेल्या गाडीत ठेवायचं, तंबूत लाडूसुद्धा नको. ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. खिचडीचं भांडं घासल्यावर पाणी गाळून घ्या. गाळणीतली शितं कचऱ्याच्या पिशवीत आणि पिशवी गाडीत.

मुद्द्यावर माझं मत रानवाटांच्या बाजूने, पण एका अटीवर: ऑगस्टचा शेवट धरा. डास सरलेले असतात, टुंड्रा लालभडक झालेला असतो. मध्यरात्रीचा सूर्य मात्र मिळत नाही.

खडीवाला

ऑगस्टअखेरीला माझी हरकत आहे. पाऊस, खचलेला रस्ता आणि डोंगरात लवकर येणारा बर्फ, सगळं त्याच सुमाराला. जूनचा उत्तरार्ध निवडा. फेरीबोटी बहुधा सुरू झालेल्या असतात आणि रात्रभर उजेड असल्यामुळे पंक्चर रात्री ११ला झालं तरी विजेरीशिवाय चाक बदलता येतं. आणि एक: ईगल प्लेन्सच्या पुढे वारा भयंकर असतो. तिथे गाडीचं दार एका हाताने धरूनच उघडा, नाहीतर बिजागरी वाकते आणि दार नीट बंदच होत नाही.