सोसायटीतलं ज्येष्ठांचं हरिपाठ मंडळ टिकवायचं कसं?

प्रश्न (नेरूळ): हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा हरिपाठ ठेवतो. सुरुवातीला गर्दी, मग गळती. जोडीदार गेलेले तर फिरकतच नाहीत. काय बदलावं?

उत्तर १: आधी वेळ बघा. संध्याकाळी सातनंतर अंधार आणि जेवण-गोळ्यांची घाई, त्यापेक्षा साडेचार बरं. सतरंजीऐवजी हात असलेल्या खुर्च्या ठेवा, साधारण 18 इंच उंचीच्या. गुडघे दुखणारे तक्रार करत नाहीत, यायचे बंद होतात. खुर्च्या गोलात मांडा, कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचे ओठ दिसायला हवेत. माइक मोठा केला की रिकाम्या हॉलमध्ये शब्द घुमतात. अभंग 20 पॉइंट ठळक अक्षरात छापा.

उत्तर २: पाठ अर्धा तास, चहा अर्धा तास. खरा आधार त्या चहात मिळतो, तो कृपया कापू नका. टाळ वाटणं, हजेरी घेणं अशी कामं गप्प राहणाऱ्यांकडे द्या. कोणी सलग दोनदा आलं नाही, तर शेजाऱ्याने जाऊन बेल वाजवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर भागत नाही. आणि ‘देवाची मर्जी’ म्हणून विषय मिटवू नका, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला.

उत्तर ३: सगळं भजनावर सोडू नका. दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा बी-12 कमी असलं तरी असंच दिसतं. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, दिवसरात्र मोफत आहे; ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन 14567. ‘आता जगून काय करू’ असं कुणी बोललं तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी फोन लावा.