मिनी अ‍ॅलोची खालची पानं मऊ पडतायत, घरात जगेल का हे?

कोथरूडची_खिडकी
नमस्कार मंडळी. एका बारशाला रिटर्न गिफ्ट म्हणून इवलंसं सक्युलंट (जाड, रसाळ पानांचं रोप) मिळालंय, टॅगवर नुसतं 'मिनी अ‍ॅलो', म्हणजे छोटी कोरफड, असं लिहिलंय. पांढऱ्या सिरॅमिकच्या मगमध्ये आहे, वर रंगीत खडे आहेत आणि ते चक्क गोंदाने चिकटवलेत, हलतच नाहीत. पानं छोटी, टोकदार, गडद हिरवी, त्यावर पांढरे आडवे पट्टे. दिसायला एकदम गोड म्हणून टीव्ही युनिटवर ठेवलं. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे त्यामुळे ऊन असं येत नाही, उजेड बरा असतो. सासूबाई सकाळी बाकीच्या कुंड्यांना पाणी घालताना ह्यालाही घोटभर घालतात. पाऊस सुरू झाल्यापासून खालची पानं पिवळट आणि पारदर्शक झालीयेत, हात लावला की पिचपिचीत लागतात, आणि मधला शेंडा उगाच लांबत चाललाय. पाणी किती दिवसांनी घालायचं? जागा बदलू का? घरात मांजर आहे आणि तिला हे चावायला फार आवडतं, तेही सांगा कोणीतरी. फोटो टाकलाय.

पेठेतला_माळी
पाणी बंद. आजपासून. बाकीचं नंतर बोलू.

अहो रोज घोटभर म्हणजे त्या मगच्या तळाशी डबकं झालं असणार, कारण असल्या मगला खाली भोक नसतंच, एकदा उचलून बघा. कोरफडीच्या जातीतली झाडं पाणी पानात साठवतात. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दारात कोरफड उलटी टांगतात ना, तिला ना माती ना पाणी, तरी महिनोन्महिने हिरवी राहते, कधीकधी तर तशीच लटकलेली असताना फुलोरा काढते. त्याच खानदानातलं हे बाळ आहे आणि तुम्ही त्याला रोज आंघोळ घालताय.

"किती दिवसांनी" ह्याला उत्तर नाही. माती पूर्ण कोरडी झाली की घालायचं. उदबत्तीची जळलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, मिनिटभराने काढा, ओलसर निघाली किंवा माती चिकटून आली तर अजून थांबा. पुण्यात मे महिन्यात आठ-दहा दिवसांत वाळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे उलटले तरी वाळत नाही, मग कॅलेंडर बघून पाणी घालून कसं चालेल.

हिरवळ_औंध
फोटो मोठा करून बघितला. ताई हे अ‍ॅलो नाहीये, हावर्थिया आहे, झेब्रा प्लांट म्हणतात ते. नर्सरीवाले सगळ्या छोट्या काटेरी दिसणाऱ्या झाडांना मिनी अ‍ॅलो म्हणून विकतात. पानाच्या कडेवरून बोट फिरवा, खऱ्या बुटक्या अ‍ॅलोला (जुवेना, ह्युमिलिस वगैरे) कडेला दाते असतात, ह्याला नसतात, नुसते पांढरे उंचवटे बोटाला खरखरीत लागतात. फूल आलं की तर शंकाच राहत नाही, अ‍ॅलोची फुलं नळीसारखी केशरी-लालसर, ह्याची बारीक दांड्यावर पांढरट आणि एवढीशी.

ह्याने फरक काय पडतो तर उजेडाचा. हावर्थिया मूळची दक्षिण आफ्रिकेतली, तिकडे झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला उगवते, म्हणून घरातल्या उजेडात ती टिकते. खऱ्या अ‍ॅलोला रोज काही तास ऊन लागतंच, ते घरात लांबत लांबत आडवं होतं. पण टिकते म्हणजे टीव्ही युनिटवर नाही हं! तुमचा शेंडा लांबतोय तो उजेडासाठीच. खिडकीच्या अगदी कडेला ठेवा, पूर्वेची खिडकी असेल तर उत्तम. पश्चिमेची असली तर मार्च ते मे काचेला पडदा हवा, नाहीतर पानं विटकरी-लाल होतात. ते लाल होणं म्हणजे मरणं नाही, उन्हाचा ताण आहे, सावलीत सरकवलं की हळूहळू परत हिरवं होतं. आत्ता अंधारातून एकदम उन्हात नेऊ नका, पंधरा दिवस घेऊन सरकवत न्या.

आणि लांबलेला भाग परत आखूड होत नाही, नवीन पानं घट्ट येतात एवढंच.

कुंडीवाली_मावशी
वरचे दोघंही बरोबर पण आधी ते मगमधून बाहेर काढायला हवं, नुसतं पाणी बंद करून भागणार नाही. मी सांगते कसं ते. खडे स्क्रू-ड्रायव्हरने हळूच उचकटा, गोंदाचा थर बहुतेक अख्खा निघतो. रोप काढल्यावर मुळांभोवती कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गच्च गोळा दिसेल, नर्सरीत भराभर वाढवायला तो बरा असतो पण घरात एकदा भिजला की वाळता वाळत नाही, आणि पूर्ण वाळला की पाणीच घेत नाही. तो बोटांनी मोकळा करून काढून टाका. काळी, पोकळ, ओढली की सालपट हातात येणारी मुळं कापा, पांढरी-पिवळसर कडक मुळं ठेवा. पिचपिचीत पानं खाली ओढून काढा. सगळी मुळं गेली असली तरी घाबरू नका, हावर्थिया तशीही जुनी मुळं टाकून नवी काढतच असते, फक्त बुडखा कडक हवा. बुडखाच मऊ आणि तपकिरी झाला असेल तर मग सोडून द्या विषय.

मग तीन-चार दिवस तसंच उघडं सावलीत ठेवायचं, पेपरवर. जखमा वाळल्या पाहिजेत. पावसाळी हवा आहे तर अजून दोन दिवस.

कुंडी मातीची घ्या, तीन-चार इंचाची, भोकवाली. कुंभारवाड्यात मिळतात, दिवाळीच्या पणत्यांच्या गर्दीआधी गेलात तर निवडायलाही मिळतं. मोठी कुंडी घेऊ नका, जास्त माती म्हणजे जास्त ओल. मातीचं म्हणाल तर आपली काळी माती अजिबात नको, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. नर्सरीची लाल माती एक भाग, जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) एक भाग, आणि विटेचा चुरा एक भाग. चुरा चाळून घ्या, पावडर गेली पाहिजे, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. खत वगैरे आत्ता काही नको. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही, मग एकदा भरपूर, खालून निघेपर्यंत, आणि बशीतलं ओतून टाकायचं. घोट घोट पाणी हाच सगळा घोळ असतो.

आणि तो सिरॅमिकचा मग फेकून देऊ नका, पेनं ठेवा त्यात.

कोथरूडची_खिडकी
मावशी खूप खूप धन्यवाद. मगला खरंच भोक नव्हतं, आणि काढल्यावर जो वास आला तो सांगत नाही. बुडखा कडक आहे!! मुळं तीनच राहिली. पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी पण दिसतंय, ते काय? आणि सासूबाई म्हणतायत वरून स्प्रे मारत जाऊ, पानं तरी ताजी राहतील.

हिरवळ_औंध
पिठ्या ढेकूण. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, इअरबड बुडवून एकेक टिपून काढा, आठवड्याने परत बघा कारण अंडी राहतात. मुळांवर पण बघा आत्ताच, उघडं आहे तोवर. बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

स्प्रे नको! मधल्या भागात पाणी साचून तिथूनच कुजतं. धूळ बसली तर ब्रशने झटका.

मांजराचं राहिलं. हावर्थिया मांजराला विषारी नाही, चावली तरी चालेल, झाडाचं नुकसान तेवढं. पण घरात खरी कोरफड असेल तर ती उंचावर ठेवा, सालीखालचा पिवळा कडू चीक मांजरा-कुत्र्यांना बाधतो, उलट्या-जुलाब होतात.

सिंहगडरोड_वाला
मध्येच विचारतो, ह्या मिनीचा गर चेहऱ्याला लावता येतो का? बायको विचारतेय

पेठेतला_माळी
साहेब ते अख्खं झाड पिळलंत तरी एका गालाला पुरणार नाही. आणि वर वाचलंत ना, ते कोरफड नाहीये. खरी कोरफड कुठल्याही नर्सरीत मिळते, ती आणा, बाल्कनीत उन्हात ठेवा. कापल्यावर पान उभं धरून पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने खाज येते कित्येकांना.

कोथरूडची_खिडकी
शेवटचा प्रश्न, मग नाही त्रास देत. गणपतीला आम्ही दहा-बारा दिवस कोकणात असतो, घर बंद. ह्याला पाणी कोण घालणार? शेजारी किल्ली असते तशी.

कुंडीवाली_मावशी
कोणी नाही घालायचं. जाताना माती कोरडी असू दे, खिडकीच्या काचेपाशी ठेवून जा, पडदे उघडे. परत आल्यावर पानांना किंचित सुरकुत्या दिसल्या तर तेव्हा भरपूर पाणी द्या, दोन-चार दिवसांत पानं भरतात. शेजाऱ्यांना मोगऱ्याचं सांगून जा, ह्याचा विषयच काढू नका, नाहीतर प्रेमाने रोज घालतील.

पेठेतला_माळी
+१. आणि सासूबाईंनाही.