पहिल्या गाडीत स्वस्तातला कोन फिल्टर, खरंच पिकअप वाढतो का?

लालबागकर
काल एकाने लिहिलं की पहिली गाडी घेतली की आधी कंपनीचा एअर बॉक्स (कागदी एअर फिल्टरची पेटी) काढून टाका, दोन हजाराचा कोन फिल्टर, म्हणजे शंकूसारखा उघडा एअर फिल्टर, लावा, पिकअप पण वाढतो आणि मायलेज पण. खाली पोरं लगेच 'लिंक दे भावा' करायला लागली म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. अरे, तो बॉक्स पुढून ग्रिलकडून बाहेरची हवा घेतो. तो काढून बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला की इंजिन रेडिएटरजवळची तापलेली हवा ओढणार, गरम हवा विरळ, ऑक्सिजन कमी, वर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेणार. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला एसी लावून उभा राहा आणि मग उचल गाडी, कळेल पिकअप. मायलेजचं म्हणशील तर २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या, मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही, फक्त जोरात पळवताना गाडी मंदावली. चोंदलेल्याने कमी होत नाही ते नव्याने वाढणार कुठून? ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जेमतेम उघडा असतो, हवा अडते ती तिथे, फिल्टरला नाही.

ठाणे_फोर्ट_रोजचा
ती पोस्ट माझी. तूच लिहिलंयस की चोंदल्यावर गाडी मंदावली, म्हणजे हवेने फरक पडतो ना? मी कोनभोवती पत्र्याचं हीट शील्ड करून घेतलंय, पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर गाडी मोकळी पळते आणि तो आवाज ऐकला की दिवसभराचा शीण जातो. आयुष्यातली पहिली गाडी आहे, हप्ते मी भरतो.

लालबागकर
चोंदलेला आणि स्वच्छ यातला फरक तो, कागदी आणि कोन यातला नाही. तीनेकशे रुपयांचा नवीन कागदी टाक, तेवढंच मिळेल. आवाज आवडतो तर आवाज म्हण, पोरांना पिकअप म्हणून विकू नको.

सीएसटी_रोड_गॅरेज
स्वस्तातल्या कोनचा रबरी गळा थोड्या दिवसांत कडक होतो, क्लॅम्प ढिला पडतो आणि बाजूने फिल्टर न झालेली हवा आत जाते. सगळीकडे मेट्रोची, टॉवरची कामं, हवेत सिमेंट. अशा गाडीचा पाईप काढून आत बोट फिरवा, राखाडी पूड निघते, चिमटीत घासली की करकरते. तीच पिस्टनच्या रिंगा खाते. तेलवाला फिल्टर असेल आणि धुतल्यावर तेल जास्त मारलं तर एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर चढतं ते वेगळंच.

पार्ल्याची_ताई
बंपरमध्ये खाली पाईप सोडून 'कोल्ड एअर' (बाहेरची थंड हवा ओढायची सोय) करणाऱ्यांचं कोणीच काढलं नाही. माझ्या भावाने ते केलं होतं. अंधेरी सबवेच्या अलीकडे पाणी चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं, समोरून बस आली, लाट उठली आणि इंजिनने पाणी ओढलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सांगितलं इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं जादा कव्हर) घेतलेलं नाही, वर मॉडिफिकेशन कळवलेलं नाही, क्लेम बसत नाही.

ठाणे_फोर्ट_रोजचा
पाणी दिसत असताना गाडी घालायचीच कशाला?

पार्ल्याची_ताई
मागे रिक्षा, बाजूला डिव्हायडर, उडून जायचं होतं का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, माझे बाबा एस. व्ही. रोडवर गाडी सोडून कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले. ते काय हौसेने गेले होते? न भिजलेल्या माणसाने शिकवू नये.

हिंदमाता_पीडित
ताई, बरोबर. महापालिका दर वर्षी नालेसफाई झाली म्हणते आणि पहिल्याच पावसात आमच्याकडे गुडघाभर. हवेच्या पाईपवर काय भांडताय, टॅक्स कशाचा भरतो ते विचारा!

वाशी_खाडीपार
पालिका नंतर. मुख्य म्हणजे पाण्यात बंद पडली की परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची आणि टो करायची. बेसिक पॉलिसीत त्यानंतरचं इंजिनचं नुकसान बहुतेक वेळा धरतच नाहीत. इंजिन प्रोटेक्ट बऱ्याच कंपन्या जुन्या गाडीला देत नाहीत, आणि पहिली गाडी आपल्याकडे बऱ्याच जणांची सेकंडहँडच असते.

ठाणे_फोर्ट_रोजचा
माझा कोन वर आहे, बॅटरीच्या उंचीला, बंपरमध्ये नाही! न वाचता सगळे तुटून पडलेत.

नवा_वॅगनआरवाला
मी घेऊ काय मग? बजेट तीन हजार, गाडी जुनी.

सीएसटी_रोड_गॅरेज
कंपनीचा कागदी फिल्टर घे, बॉक्सच्या चारही क्लिपा नीट बसल्यात का बघ, थ्रॉटल बॉडी साफ करून प्लग बदल. एवढ्यात पैसे उरतील. हौसच असेल तर पुढे पैसे साठवून त्याच बॉक्समध्ये बसणारा चांगल्या कंपनीचा ड्रॉप-इन टाक, बॉक्सला हात लावू नको.

ठाणे_फोर्ट_रोजचा
ठीक आहे, गॅरेजवाले काका म्हणतात तर क्लॅम्प रविवारी बघतो, आणि जून ते सप्टेंबर जुना बॉक्स लावतो. मायलेजचं वाक्य पण काढतो. पिकअपचं नाही काढणार.

लालबागकर
मग डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर) दोन्ही फिल्टर लावून रन घे आणि शीट इथे टाक. तोपर्यंत त्या पोरांना लिंक देऊ नकोस.