पुन्हा साथ आली, तर अजिंक्यताऱ्यावर फिरायला बंदी असावी का?

गोडोलीकर

काल साताऱ्याच्या या गडावरून उतरताना विषय निघाला आणि खाली येईपर्यंत दोन तट पडले. म्हणून इथं मांडतो. माझं मत आधीच सांगतो: उघड्यावर, एकट्यानं किंवा घरच्यांबरोबर चालण्या-पळण्यावर साथीतसुद्धा बंदी नसावी. बंदी घोळक्यावर असावी.

आठवून बघा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं संचारबंदी लागली आणि सकाळी फिरायला गेलेल्यांना रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले. जूनमध्ये निर्बंध टप्प्याटप्प्यानं उठवायचं सरकारचं 'मिशन बिगिन अगेन' आलं आणि पहाटे ५ ते संध्याकाळी ७ चालणं, पळणं, सायकल सगळ्याला मुभा मिळाली. एप्रिल २०२१ ला पुन्हा कडक. जून २०२१ ला संसर्गाच्या प्रमाणावरून जिल्ह्यांचे स्तर पाडले, त्यात तिसऱ्या स्तराला सकाळी ५ ते ९. विषाणू तोच, गड तोच, नियम चार.

चीनमधल्या सुरुवातीच्या ३१८ उद्रेकांचा अभ्यास झाला होता. त्यात उघड्यावरचा उद्रेक एकच निघाला, तोही दोन रुग्णांचा. बाकी सगळे घरात, गाडीत, हॉटेलात. आपल्याजवळचं बघायचं तर सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर. एका कुटुंबापासून सुरू होऊन नात्यागोत्यात रुग्णांचा आकडा पंचवीसच्या घरात गेला. टेकडीवर नव्हे, घरात.

खाकीघर

माझे मिस्टर पोलिसात आहेत. दोन्ही लाटांत नाक्यावर ड्युटी होती, म्हणून दुसरी बाजू सांगते.

गोडोलीकर, तुम्ही हवेचं सांगताय. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसापुढं प्रश्न हवेचा नसतो. समोरून येणारा खरंच फिरायला निघालाय की मित्राकडं, हे त्यानं कसं ओळखायचं? पहिल्या आठवड्यात लोक औषधाची चिठ्ठी दाखवायचे. मग भाजीची पिशवी आली. फिरायला मुभा मिळाल्यावर ट्रॅकपँट आणि बूट हाच पास झाला. दुपारी बारा वाजता मोटारसायकलवर ट्रॅकपँट घालून हिंडणारे यांनी पाहिलेत. विचारलं तर म्हणे, "वॉकला चाललोय."

उठाबशांचं समर्थन मी करत नाही, घरातही केलं नाही. पण नियम साधा असेल तरच तो राबवता येतो. 'कुणीच नाही' हा साधा नियम आहे. 'एकटा असेल तर चालेल, घरच्यांबरोबर असेल तर चालेल, घोळका नको' हा वकिलांचा नियम झाला.

आणि घोळका वाटेवर नसतोच. गड उतरल्यावर चहाच्या गाडीपाशी असतो. मास्क हनुवटीला.

शाहूपुरीचे काका

वय ६८, मधुमेह वीस वर्षांचा. रोज सकाळी तासभर चालणं हे माझं अर्धं औषध आहे. ते बंद झालं आणि त्या उन्हाळ्यात साखर जी चढली, ती डॉक्टरांनी फोनवरून गोळ्या वाढवूनही खाली येईना. "गच्चीवर चाला" म्हणायला सोपं आहे. आमच्या इमारतीची गच्ची सोसायटीनं कुलूप लावून ठेवली होती, संसर्ग नको म्हणून!

कॅलिफोर्नियात ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये निबंध आला होता. कायम बैठं आयुष्य असणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या जवळजवळ अडीचपट निघाला. मग आम्हाला घरात डांबून कुणाला वाचवलं?

मिरजेची सिस्टर

काका, तो निबंध मीही वाचलाय. त्यातली व्यायामाची सवय साथीच्या आधीच्या दोन वर्षांतली आहे. महिनाभर चालणं बंद राहिल्यानं किती बिघडतं, हे त्यावरून कळत नाही. तुमची साखर वाढली हे मात्र खरंच असणार, तसे पुष्कळ पाहिलेत.

गोडोलीकर, चीनच्या अभ्यासाचंही तसंच. ते रुग्ण २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीतले. ऐन थंडीत, टाळेबंदीत बाहेर होतंच कोण? तरी उघड्यावर धोका कमी असतो हे मला मान्य आहे. तोंडातून निघालेले कण मोकळ्या हवेत पांगतात, बंद खोलीत साचतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनचा बेड मिळवायला नातेवाईक मिरज-सांगलीत रात्रभर फिरत होते. त्या दिवसांत पाय मुरगळून, गाडी घसरून, कड्यावरून पडून येणारा प्रत्येक जण आम्हाला जड होता. दुसरं म्हणजे नुकते बरे झालेले. निगेटिव्ह आला की दोन दिवसांत "स्टॅमिना बघतो" म्हणून चढ चढायला निघायचे. कोविडनंतर हृदयावर ताण नको, हळूहळू वाढवा, हे सांगून आमचे घसे बसले. त्या वेळी सहा मिनिटं चालून ऑक्सिजन मोजायला सांगत होते. तो व्यायाम नव्हता, तपासणी होती. ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, एवढ्यासाठी. लोकांनी त्याचीही शर्यत केली.

रानातला

तासगावकडनं बोलतोय. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. मार्च २०२० ला आमची द्राक्षं वेलीवर होती. व्यापारी यायचा बंद, मजूर मिळंना. घरातली सगळी माणसं दिवसभर बागेत राबत होती. आम्हाला कुणी विचारलं न्हाय की उघड्यावर हवा चांगली का वाईट. शेतीला मुभा होतीच. मग त्याच उन्हात शहरातला माणूस तासभर चालला तर काय बिघडतंय?

आज्जी सांगायची, प्लेगात गाव रिकामं करून लोक माळावर झोपड्या घालून राहायचे. म्हणजे जुन्या माणसांनी साथीत घर सोडलं, आपण घरात कोंडून घेतलं.

मिरजेची सिस्टर

दादा, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळं पसरायचा. घरात उंदीर मेले की घर सोडणं शहाणपणाचंच होतं. इथं रोग माणसाकडून माणसाकडं जातोय. पण शेताचं म्हणणं पटलं.

लालमाती

तालमींचं कुणी काढलंच नाही. जत्रांची मैदानं गेली, खुराकाचे पैसे गेले. पोरं पहाटे नदीकाठानं पळायची तेवढंच राहिलं होतं. तेही चोरून.

खाकीघर

तालीम बंद हवीच होती ना? अंगाला अंग लागतंय.

लालमाती

तालीम बंद, मान्य. पळणं का बंद? त्यात कुणाच्या अंगाला अंग लागतंय?

गोडोलीकर

खाकीघर ताई, साध्या नियमाचं म्हणणं पटतं, पण पूर्ण बंदीही साधी राहिली नाही. स्पेनमध्ये मार्च २०२० च्या मध्यापासून मोठ्यांच्या व्यायामाला पूर्ण बंदी होती, ती २ मे रोजी उठली. म्हणजे जगात असं केलेले आहेत. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्याच दिवसापासून रोज एकदा व्यायामाला मुभा होती. दोन्हीकडं भरपूर माणसं गेली, त्यामुळं 'बंदी होती म्हणून वाचलो' असं सरळ म्हणता येत नाही.

आपल्याकडं खरी गडबड वेळेनं केली. ५ ते ९ म्हटलं की अख्खा सातारा सहा वाजता चढाच्या रस्त्यावर. पॅरिसनं एप्रिल २०२० मध्ये सकाळी १० ते संध्याकाळी ७ पळायला मनाई केली, म्हणजे तिथंही सगळे दहाच्या आत बाहेर. गर्दी नको असेल तर वेळ वाढवावी लागते. जून २०२० चा पहाटे ५ ते संध्याकाळी ७ चा आदेश त्या दृष्टीनं शहाणा होता, आणि तो कुणाच्या लक्षातही नाही.

शाहूपुरीचे काका

आणि मास्कचं काय? लावला नाही तर दंड, लावून चढ चढलो तर जीव घाबरा. जागतिक आरोग्य संघटना व्यायाम करताना मास्क नको, अंतर ठेवा म्हणत होती. आमच्या चौकात हे कुणाला सांगणार?

खाकीघर

वेळ वाढवा म्हणजे ड्युटीही वाढवा. बारा तास उन्हात उभं राहणाऱ्याचाही विचार करा. यांच्याबरोबरचे किती जण आजारी पडले, ते मी मोजत बसले नाही.

तरी तुमच्यासाठी एक मार्ग सुचवते. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटर आणि एक तास असा नियम होता. आपल्याकडं तेच, पण राबवायला सोपं करा. गडाच्या रस्त्यावर चारचाकी-दुचाकी बंद, पायथ्याला पार्किंग बंद, चहाची गाडी बंद. ज्याला फिरायचंय त्यानं घराच्या दारातून चालत निघायचं. गाडीवर दिसला की दंड, मग अंगात ट्रॅकपँट असो नाहीतर सूट. हे नाक्यावरचा पोलीस एका नजरेत ओळखू शकतो.

गोडोलीकर

मला एकदम मान्य!

करंजेवाला

तुम्हाला मान्य असणारच, तुमच्या दारातून गड सुरू होतो. आम्ही करंज्यातून पायी निघालो तर पायथ्याला पोचेपर्यंत तुमचा तास संपला. म्हणजे साथीत अजिंक्यतारा गोडोलीला आंदण, आणि आम्ही हायवेच्या धुळीत चालायचं. एक किलोमीटर नको, तीन करा. मग बोलू.