आजीला आम्ही सगळे 'आक्का' म्हणायचो. तुमच्या घरी काय हाक होती, आणि ती कुणी पाडली?

निपाणीची नात

माझी आजी गेल्या श्रावणात गेली. वर्षश्राद्धाला घरातल्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, काम माझ्याकडे आहे आणि पहिल्याच पानावर अडलंय. काका म्हणतात, वर 'आजी' लिही, पतवंडांना कळलं पाहिजे. पण तिला घरात आजी कुणीच म्हणत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ शाळेसाठी तिच्याकडे राहिला होता, तो तिला आक्का म्हणायचा. ते ऐकून माझे बाबा आणि आत्या स्वतःच्या आईलाच आक्का म्हणायला लागले. मग आम्ही नातवंडं, मग अख्खी गल्ली.

तिचं माहेर चिकोडीकडचं, घरात कन्नड. निपाणीत येऊन मराठी अशी बोलायची की पत्ता लागू नये, पण बाजारात घासाघीस कन्नडमध्येच आणि म्हशीला दटावणंही कन्नडमध्येच. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले, तेव्हा आमच्या चुलीवरच्या भाकऱ्या तिकडे जायच्या. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "भुकेलेली माणसं होती, त्यात काय सांगायचं?"

मला सगळ्यात जास्त आठवते ती तिची शेंगदाण्याची चटणी. मिक्सर घरात होता, पण चटणी उखळातच. लसूण सालीसकट, तिखट, मीठ, आणि दाण्यांना तेल सुटून गोळा मुसळाला चिकटेपर्यंत कुटायचं. मी पुण्याला निघाले की ती चटणी स्टीलच्या डब्यात दाबून भरायची, झाकणाखाली वर्तमानपत्राचा गोल कापून घालायची आणि वरून फडक्याची गाठ मारायची. ती गाठ हॉस्टेलवर दातांनीच सोडवावी लागायची.

तिची पतवंडं आता हैदराबादला आहेत, गोव्यात आहेत, एक स्वीडनमध्ये आहे. तिकडे आजीला काय म्हणतात? तुमच्याकडची हाक कशी पडली? आणि पहिल्या पानावर मी काय लिहू?

सदाशिव पेठेतले काका

'आक्का'च लिहा. खाली तिचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. आमच्या घरी आजीचं माहेरचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही, ही फार बोचणारी गोष्ट आहे.

पूर्वी एकत्र कुटुंबात हे सर्रास व्हायचं. धाकटे दीर वहिनी म्हणतात म्हणून पोरंही आईला वहिनी म्हणायची. माझी आजी आम्हा सगळ्यांची 'काकू' होती. पुस्तिकेत वंशावळ देणार असाल तर प्रत्येक नावापुढे कंसात हाक द्या. बाई, माई, ताई, जिजी, जे असेल ते. नुसती नावं वाचून पुढच्या पिढीला माणूस कळत नाही.

मिरजेची, आता हैदराबादेत

इथे तेलुगू घरांत वडिलांची आई ती नानम्मा आणि आईची आई ती अम्मम्मा. नान्ना म्हणजे वडील, त्यामुळे ऐकताक्षणी कळतं कुठली आजी ते. आजोबा मात्र दोन्हीकडचे ताताच, निदान माझ्या सासरी. आपल्याकडे दोघीही आजी, म्हणून आपण गावावरून ओळखतो: मिरजेची आजी, सांगोल्याची आजी.

माझ्या आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मला अम्मम्मा नको, आजी म्हणायला शिकव. मुलगा आता तिला आजी म्हणतो आणि सासूबाईंना नानम्मा. दोघी फोनवर एकमेकींशी बोलतात तेव्हा हिंदीची पार वाट लागते, पण लोणच्यात मोहरी किती घालायची यावर अर्धा अर्धा तास चालतं.

निपाणीची नात

@काका, माहेरचं नाव घालतेच. खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच आत्याला फोन करते.

मडगावकर

गोव्यात आमच्या हिंदू घरांत आजी आणि आजो. शेजारच्या ख्रिस्ती कोकणी घरांत शामाय आणि शापाय. लहानपणी मला दोन्ही होत्या. आजी घरात आणि शामाय कुंपणापलीकडे. नाताळात तिच्याकडून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट यायचं, चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या तिच्याकडे जायच्या. ती गेली तेव्हा माझ्या आजीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तुमच्या गोव्यातल्या भाचरांना विचारा, त्यांच्या कानावर हे शब्द नक्की असतील.

गोथेनबर्गहून

स्वीडिशमध्ये आईची आई मोरमोर, वडिलांची आई फारमोर. मोर म्हणजे आई, फार म्हणजे वडील, बस तेवढंच जोडलंय. आजोबाही तसेच, मोरफार आणि फारफार. माझी मुलगी बालवाडीत सांगते की माझी मोरमोर सोलापूरला असते. व्हिडिओ कॉलवर मात्र आजी. माझी आई आता स्वतःच फोन उचलून "मोरमोर बोलतेय" म्हणते, आणि तिला ते मनापासून आवडतं.

तुमच्याकडच्या स्वीडनमधल्या पतवंडासाठी 'आक्का'खाली एक ओळ टाका: मोरमोरची आई किंवा फारमोरची आई, जे नातं असेल ते. त्याला लगेच कळेल.